जुना पूल, जुना कंपायलर

गेल्या वीकांताला घरी महाडला जाऊन आलो. पुण्याहून महाडचा जवळचा रस्ता म्हणजे भोरवरून वरंध घाट, पण पावसाळ्यात तो बहुतेक बंदच असतो. मग ताम्हिणीतून माणगावला उतरायचं आणि तिथून हायवेने महाड. बॅगेत आईसाठी बाकरवडी आणि माझा लॅपटॉप. घरी लॅपटॉप न्यायचा नाही असं मी दर वेळी ठरवतो आणि दर वेळी नेतो. या वेळी त्यात १७ बगची एक यादी होती आणि सोमवारी सकाळी तिचा निकाल द्यायचा होता.

आधी माझं काम सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. आमची छोटीशी टीम कंपायलर सांभाळते. तुम्ही सी किंवा सी++ मध्ये जे लिहिता त्याचं प्रोसेसरला कळेल अशा भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर. नवीन व्हर्जन बनवण्याचं मजेचं काम सिनियर मंडळी करतात. आमच्या वाट्याला येतात जुनी व्हर्जन्स :) गिऱ्हाइकं चार-चार, पाच-पाच वर्षं जुन्या व्हर्जनवर बसून असतात, आणि त्यांचं काही चुकतं असंही नाही. एकदा पूर्ण तपासून पास झालेल्या यंत्राचा कंपायलर बदलायचा म्हणजे सगळ्या चाचण्या पहिल्यापासून करायच्या. तर प्रश्न असा असतो: नव्या व्हर्जनमध्ये जे बग दुरुस्त झाले, त्यातले कुठले जुन्या व्हर्जनमध्येही मागे नेऊन दुरुस्त करायचे? याला आमच्या भाषेत बॅकपोर्ट म्हणतात. यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे 'हो' किंवा 'नाही' लिहायचं. बस्स, एवढंच.

एवढंच म्हणतोय खरं, पण यादी उघडली की मला घाम फुटतो. त्याचं कारण शेवटी सांगतो.

रविवारी सकाळी पोलादपूरला काकांकडे गेलो. महाड सोडलं की राजेवाडी फाट्याच्या पुढे सावित्रीवरचा पूल लागतो. गाडी पुलावर आली की आमच्या घरातलं कुणीही बोलत नाही. ठरवून नाही, आपोआप गप्प होतात. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी गोव्याला जाताना हा पूल ओलांडला असेल. तुम्हाला तो कदाचित आठवणारही नाही. पूल आठवत नाही हेच खरं तर चांगल्या पुलाचं लक्षण.

*

२ ऑगस्ट २०१६. मी तेव्हा इंजिनियरिंगला होतो, पुण्याला हॉस्टेलवर. महाबळेश्वरला पाऊस कोसळत होता. सावित्री उगम पावते महाबळेश्वरला, पोलादपूरवरून खाली येते आणि महाडजवळ काळ आणि गांधारीचं पाणी घेऊन बाणकोटच्या खाडीकडे जाते. वर पाऊस झाला की काही तासांत खाली नदीचा रंग आणि आवाज दोन्ही बदलतात. त्या रात्री साडेअकराच्या सुमारास जुना दगडी कमानींचा पूल पाण्यात गेला. राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई अशा दोन एसटी बस आणि एक तवेरा गाडी पुलाबरोबर गेली. पुलाजवळच्या गॅरेजमधल्या माणसाच्या लक्षात आलं आणि त्याने पुढच्या गाड्या थांबवल्या, नाहीतर आकडा आणखी वाढला असता. चाळीसच्या आसपास माणसं गेली. नौदल आणि एनडीआरएफचे जवान कित्येक दिवस नदीत शोधत होते, क्रेनला मोठं लोहचुंबक लावून गाळात बस शोधल्या गेल्या. काही जण शेवटपर्यंत सापडलेच नाहीत.

आता या लेखापुरता महत्त्वाचा तपशील. हा पूल १९२८ चा. त्याच्या शेजारी २००१ मध्ये नवा पूल बांधला होता. म्हणजे त्या रात्री तिथे दोन पूल होते. गोव्याकडे जाणारी वाहतूक नव्यावरून आणि मुंबईकडे जाणारी जुन्यावरून. त्याच महामार्गावर, त्याच नदीवर, काही मीटर अंतरावर. कुठला पूल तुमच्या वाट्याला येणार हे तुम्ही कुठून कुठे निघालात यावर ठरत होतं. दोन्ही बस मुंबईकडे निघालेल्या होत्या.

जुन्या पुलाची मे २०१६ मध्ये तपासणी झाली होती आणि तो धोकादायक आढळला नव्हता, असं सरकारने दुर्घटनेनंतर सांगितलं.

तेव्हा मला यातलं काही वेगळं वाटलं नव्हतं. सगळ्यांसारखाच चिडलो होतो, टीव्हीसमोर बसून शिव्या घातल्या होत्या. नोकरी लागल्यावर, जुन्या व्हर्जन्सच्या याद्या हातात यायला लागल्यावर मला कळलं की हा प्रश्न मी रोज सोडवतोय. नवीन व्हर्जन बाजूला उभं आहे आणि जुनं अजूनही अर्धी वाहतूक वाहतंय. जुन्याचं काय करायचं?

*

कंपायलरच्या जगात या प्रश्नाला मोठा इतिहास आहे आणि तो गमतीशीरही आहे. जीसीसी हा जगातला सगळ्यात जास्त वापरला गेलेला मुक्त कंपायलर. रिचर्ड स्टॉलमनने तो १९८७ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केला. नव्वदच्या दशकात त्याचं काम इतकं रेंगाळलं की १९९७ मध्ये काही लोकांनी वैतागून 'एग्ज' नावाची वेगळी चूल मांडली. ती चूलच इतकी चांगली पेटली की एप्रिल १९९९ मध्ये तिलाच अधिकृत जीसीसी म्हणून मान्यता मिळाली.

मग आला सप्टेंबर २०००. रेड हॅट कंपनीने आपल्या लिनक्सच्या ७.० व्हर्जनमध्ये 'जीसीसी २.९६' दिला. गंमत अशी की असं व्हर्जन जीसीसीच्या लोकांनी कधी काढलंच नव्हतं! रेड हॅटने काम चालू असलेल्या कोडची एक प्रत उचलून, स्वतःची डागडुजी करून ती दिली होती. पुढच्याच महिन्यात जीसीसीच्या सुकाणू समितीने जाहीर केलं की २.९६ नावाचं आमचं कुठलंही रिलीज नाही. त्याने बनवलेला सी++ चा कोड मागच्या २.९५ शीही जुळत नव्हता आणि पुढच्या ३.० शीही नाही. पण रेड हॅटची बाजूही पूर्ण चूक नव्हती. २.९५ जुना झाला होता, ३.० यायला जून २००१ उजाडला. मधल्या काळात लोकांना काहीतरी चालणारं हवं होतं.

त्याच वेळी लिनक्स कर्नलवाले मात्र जुन्या कंपायलरला चिकटून होते. कर्नलच्या कागदपत्रांत अमुकच व्हर्जन वापरा असं लिहिलेलं असायचं आणि ते नेहमी बाजारातल्या नव्यापेक्षा जुनं असायचं. कारण साधं आहे. जुन्या कंपायलरचे दोष त्यांना माहीत होते. नव्याचे माहीत व्हायचे होते. आपली आजी जुन्या मिक्सरचं झाकण एका हाताने दाबून धरते आणि नवा मिक्सर डब्यातच ठेवते, त्यातलाच प्रकार.

या सगळ्या गोंधळातून जीसीसीने एक शिस्त लावून घेतली. दर नव्या मोठ्या रिलीजची एक 'शाखा' निघते. त्या शाखेत नवीन सुधारणा टाकायच्या नाहीत. फक्त 'रिग्रेशन' म्हणजे आधी नीट चालत होतं आणि आता बिघडलं अशा गोष्टी, आणि कागदपत्रांतल्या चुका दुरुस्त करायच्या. साधारण तीन-चार शाखा एका वेळी जिवंत ठेवायच्या. सगळ्यात जुन्या शाखेचं एक शेवटचं रिलीज काढायचं आणि जाहीर करायचं की ही शाखा बंद. यापुढे इथे काही दुरुस्त होणार नाही, पुढच्या शाखेवर या.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा नियम आळशीपणाचा वाटला होता. बग आहे, दुरुस्ती तयार आहे, मग जुन्यात टाकायला काय जातं? पण जातं. प्रत्येक दुरुस्ती हाही एक बदल असतो आणि प्रत्येक बदलात नवा बग असू शकतो. याचं जगप्रसिद्ध उदाहरण डेबियनचं आहे. २००६ मध्ये डेबियनने ओपनएसएसएलमध्ये एक छोटासा बदल केला, तपासणीच्या साधनाची कुरकुर थांबावी म्हणून. त्या बदलाने सुरक्षेच्या चाव्या बनवताना लागणारी यादृच्छिकताच जवळजवळ संपली. ते उघडकीला आलं मे २००८ मध्ये. दीड वर्षाहून जास्त काळ जगभर ओळखता येतील अशा चाव्या बनत होत्या. हेतू चांगला होता, बदल लहान होता आणि नुकसान प्रचंड.

त्यामुळे 'सगळंच दुरुस्त करा' हे उत्तर नाही. 'काहीच नको' हेही नाही. मग निवडायचं कसं?

*

इथे जीसीसीच्या बग-नोंदवहीकडून खूप शिकण्यासारखं आहे. तिथे बगला जाती असतात.

एक, कंपायलर स्वतःच कोसळतो. तुमचा कोड बरोबर आहे, पण कंपायलर मध्येच मान टाकतो आणि एरर देतो. त्रासदायक, पण प्रामाणिक. तुम्हाला कळतं की काहीतरी बिघडलंय, तुम्ही कोड थोडा फिरवून लिहिता आणि पुढे जाता.

दोन, बरोबर कोड नाकारतो. हेही दिसतं.

तीन, चुकीचा कोड खपवून घेतो. हा जुन्या शाखेत सहसा दुरुस्त करू नये. कारण त्या ढिलाईवर विसंबून कुणीतरी लिहून बसलेलं असतं आणि दुरुस्तीनंतर त्याचं चालतं दुकान बंद पडतं.

चार, कोड बरोबर पण जरा हळू. जुन्या शाखेत विसरा.

आणि पाच, ज्याला 'चुकीचा कोड बनवणं' म्हणतात. तुमचा प्रोग्रॅम बरोबर, कंपायलर एका शब्दाने तक्रार करत नाही, प्रोग्रॅम चालतो, चाचण्याही पास होतात. फक्त कधीतरी, कुठेतरी, उत्तर चुकीचं येतं. बाकी सगळे बग बोलके आहेत, हा मुका आहे. म्हणून सगळ्यात भयंकर.

मुका बग किती काळ गप्प बसू शकतो याची एक खरी गोष्ट सांगतो. माझ्या सगळ्या लेखाचं कारण तीच आहे.

जीसीसी ४.९ एप्रिल २०१४ मध्ये आला. त्यात ६४ बिटी एआरएम प्रोसेसरसाठी कोड बनवताना एक चूक व्हायची. प्रत्येक फंक्शनला काम करायला मेमरीत तात्पुरती जागा मिळते, तिला स्टॅक म्हणतात. काम संपलं की जागा सोडायची. नियम असा की आधी तिथलं सामान उचला, मग जागा सोडा. हा कंपायलर काही वेळा आधी जागा सोडायचा आणि मग सामान उचलायचा. आपण एसटीत सीटवर रुमाल टाकून जागा धरतो ना, तसं. रुमाल आधी उचलला आणि पिशवी उचलायला एक क्षण उशीर केला, तर त्या क्षणात कुणी येऊन पिशवीवरच बसू शकतो. बहुतेक वेळा कुणी येत नाही. पण प्रोसेसरमध्ये नेमक्या त्या एका क्षणात इंटरप्ट आला, म्हणजे बाहेरून कुणी हाक मारली, तर त्या रिकाम्या समजल्या गेलेल्या जागेवर दुसरंच काहीतरी लिहिलं जातं आणि तुम्ही ते आपलं सामान समजून उचलता.

ही चूक २०१४ मध्येच नोंदवली गेली, क्रमांक ६३२९३. ती दुरुस्तही झाली आणि एप्रिल २०१५ मध्ये आलेल्या जीसीसी ५.१ मध्ये ती नव्हती. पण ४.९ ची शाखा अजून जिवंत होती. जून २०१५ मध्ये ४.९.३ आलं. मग ४.९.४ आलं आणि ती शाखा बंद झाली. दोन्हींत ही दुरुस्ती नव्हती.

आता पुढची पाच वर्षं कुणालाही काही कळलं नाही. जानेवारी २०२१ मध्ये एआरएम लिनक्सचे जुने जाणते रसेल किंग यांनी एक तक्रार मांडली. त्यांच्या ६४ बिटी एआरएम मशीनवर फाइल सिस्टिम मध्येच म्हणायची की डिस्कवरच्या नोंदीची बेरीज जुळत नाही. महिनोन् महिने सगळं ठीक आणि मग एक दिवस ही चूक. आधी संशय आला हार्डवेअरच्या मेमरीच्या क्रमाचा. जगातले उत्तमोत्तम लोक त्यावर डोकं खाजवत होते. शेवटी निघालं काय? त्यांचं कर्नल जीसीसी ४.९.४ ने बनवलेलं होतं. तीच जुनी पिशवी, तोच रुमाल.

उपाय काय केला? विल डेकन यांनी लिनक्समध्ये बदल केला की ६४ बिटी एआरएमसाठी यापुढे जीसीसी ५.१ च्या आधीचा कंपायलर चालणारच नाही. वापरायला गेलात तर कर्नल बनणार नाही. सदोष कंपायलरसाठी आयुष्य फार छोटं आहे, अशा अर्थाची ओळही त्यांनी सोबत लिहिली. थोडक्यात, पूल दुरुस्त केला नाही. पुलाच्या दोन्ही टोकांना भिंत बांधली.

आता ४.९.४ ची तारीख सांगतो. ३ ऑगस्ट २०१६.

सावित्रीचा पूल गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी. तारीख मी दोनदा तपासली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही, तो निव्वळ योगायोग आहे. पण रात्री महाडच्या घरात, बाहेर पाऊस पडत असताना ती तारीख वाचली तेव्हा अंगावर काटा आला हे खोटं कशाला सांगू.

*

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पूल आणि कंपायलर ही तुलना ताणायची नाही. तिकडे माणसं गेली आहेत, इकडे डिस्कवरची बेरीज चुकली. माझ्या शाळेच्या वाटेवरच्या नदीला मी माझ्या नोकरीचं रूपक बनवतोय का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला. पण मला वाटतं उलट आहे. पुलांच्या बाबतीत जगाने रक्त सांडून जे शिकलंय ते आम्ही फुकटात शिकू शकतो.

१९२८ मध्येच, सावित्रीचा पूल झाला त्याच वर्षी, अमेरिकेत ओहायो नदीवर 'सिल्व्हर ब्रिज' नावाचा पूल झाला. १५ डिसेंबर १९६७ ला, ख्रिसमसच्या खरेदीच्या गर्दीत, तो कोसळला. ४६ माणसं गेली. कारण होतं लोखंडी साखळीतल्या एका पट्टीत असलेली तडा, खोली जेमतेम अडीच मिलिमीटर. ती अशा जागी होती की पूल सुटा केल्याशिवाय दिसलीच नसती. म्हणजे तपासणी करणारा कितीही प्रामाणिक असता तरी 'ठीक आहे' असंच लिहिणार. मुका बग.

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. पहिली, १९७१ मध्ये संपूर्ण अमेरिकेत पुलांच्या तपासणीचे राष्ट्रीय नियम आले. कुठे किती पूल आहेत त्याची यादी, ठरावीक काळाने तपासणी, प्रत्येकाला गुण. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्याच नदीवर वरच्या बाजूला सेंट मेरीज इथे अगदी त्याच आराखड्याचा जोडीदार पूल होता. त्याला काहीही झालं नव्हतं. तरी तो बंद केला आणि १९७१ मध्ये पाडला. कारण आराखडा तोच आणि तपासता न येण्याची अडचणही तीच. 'अजून पडला नाही' हा पुरावा त्यांनी मानला नाही.

आपल्याकडे सावित्रीनंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने पुलांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली, आयबीएमएस या नावाने. प्रत्येक पुलाला स्वतःचा क्रमांक आणि स्थितीप्रमाणे गुण. कुठला पूल कुठे आहे, किती जुना, कशाचा, हे एका जागी यायला एवढी मोठी किंमत द्यावी लागली. सावित्रीवर नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ ला खुला झाला. १६५ दिवस! म्हणजे काम अवघड नव्हतं. ते करायचं आहे हे कुणीतरी ठरवणं अवघड होतं.

माझ्या मते हीच गोम आहे. २००१ मध्ये नवा पूल झाला तेव्हा 'जुन्याचं काय?' या प्रश्नाचं उत्तर आपोआप ठरलं: चालतोय ना, मग चालू दे. हा निर्णय कुणी घेतला असं वाटत नाही, कारण काही न करणं हा निर्णयच वाटत नाही. पण तोही निर्णयच असतो.

*

काका एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर झालेत. आयुष्यभर याच रस्त्यावर गाडी चालवली. जेवण झाल्यावर ओटीवर बसलो होतो, काकूने सोलकढी आणून दिली. मी माझी यादी, कंपायलर, पूल असं सगळं त्यांना सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, तुम्हाला जुन्या पुलावरून जाताना कधी भीती नाही वाटली?"

"पुलाची? नाही रे बाळा," ते म्हणाले. "रात्रीच्या ड्रायव्हरला पूल दिसतच नाही. त्याला दिव्याच्या उजेडात पुढचा रस्ता दिसतो तेवढाच. पूल आहे हे तो धरूनच चालतो."

मी गप्प झालो.

कंपायलर वापरणाऱ्याचंही हेच आहे. त्याला त्याचा कोड दिसतो. खाली कंपायलर आहे हे तो धरूनच चालतो. मी रात्री जागून चूक शोधतो तेव्हासुद्धा आधी स्वतःवर संशय घेतो, मग मित्रावर, मग हार्डवेअरवर. कंपायलरवर सगळ्यात शेवटी. रसेल किंगसारख्या माणसाचंही तेच झालं. म्हणून पुलाखाली उभं राहून पाया बघण्याची जबाबदारी वरून जाणाऱ्यावर टाकता येत नाही.

*

आता मला घाम का फुटतो ते.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका यादीत पाचव्या जातीचा एक बग होता. मुका. नव्या व्हर्जनमध्ये दुरुस्त झालेला. जुन्या व्हर्जनवर एकच गिऱ्हाईक उरलं होतं आणि बग फार विचित्र परिस्थितीत यायचा. मी त्यापुढे 'नाही' लिहिलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'शक्यता कमी'. सात-आठ महिन्यांनी त्या गिऱ्हाइकाच्या एका यंत्राने मोजमाप चुकीचं दाखवलं. त्यांच्या एका इंजिनियरने तीन आठवडे स्वतःचा कोड उलटासुलटा केला. सुदैवाने यंत्र अजून चाचणीतच होतं, कुणाला काही झालं नाही. पण ते तीन आठवडे मी त्याला दिले होते. 'शक्यता कमी' हे दोन शब्द टाइप करायला मला पाच सेकंद लागली असतील.

त्यातून मी जे शिकलो ते इथे लिहून ठेवतो, स्वतःसाठीच.

'नाही' लिहिणं ही चूक नव्हती. कदाचित आजही मी 'नाही'च लिहीन. चूक ही होती की मी ते त्याला सांगितलं नाही. जीसीसीवाले शाखा बंद करतात तेव्हा सगळ्या जगाला सांगून करतात. नोंदवही सगळ्यांसाठी उघडी असते. ६३२९३ नोंदवहीत होता म्हणूनच २०२१ मध्ये धागा जुळला. अर्थात नोंद असणं आणि ती पुलावरच्या माणसापर्यंत पोचणं यात फरक आहे, नाहीतर मधली पाच वर्षं गेली नसती. शाखा बंद झाली म्हणून वाहतूक थांबत नाही. फ्रीबीएसडीने लायसन्सच्या कारणाने २००७ चा जीसीसी ४.२.१ आपल्या मूळ प्रणालीत थेट २०२० पर्यंत ठेवला होता. रेड हॅटची सातवी आवृत्ती जीसीसी ४.८ घेऊन जून २०२४ पर्यंत चालली, पण तिथे जुन्याची देखभाल करायला पगारी माणसं होती. जुनं वापरणं हे पाप नाही. जुनं बेवारस असणं हे पाप आहे.

आपल्या पुण्यातलंच उदाहरण द्यायचं तर केपीआयटी कमिन्सने २००० च्या दशकात रेनेसासच्या एसएच, एच८ वगैरे चिपसाठी जीएनयूचे कंपायलर बनवून फुकट दिले आणि वर फुकट सपोर्टही दिला. जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यातला माणूस मेल टाकायचा आणि पुण्यातलं कुणीतरी उत्तर द्यायचं. हे काम कुणाच्या बायोडेटात चमकत नाही. पण माझ्या मते ते पुलाखाली उतरून पाया बघण्याचं काम आहे आणि ते आपल्या माणसांनी केलंय याचा मला अभिमान वाटतो.

तर रविवारी रात्री महाडला परत आल्यावर १७ ओळींची यादी पुन्हा उघडली. या वेळी 'शक्यता किती' हा रकाना शेवटी ठेवला. आधी तीन प्रश्न विचारले. एक: हा बग बोलका आहे की मुका? दोन: या व्हर्जनवरून अजून कोण जातंय? तीन: दुरुस्त करणार नसू, तर त्याला ते कधी आणि कसं कळणार?

चार ओळी मुक्या निघाल्या. तिघांपुढे 'हो' लिहिलं. चौथ्याची दुरुस्ती इतकी मोठी होती की जुन्या व्हर्जनमध्ये टाकणं हाच धोका ठरला असता. त्यापुढे 'नाही' लिहिलं. पण कारणाच्या रकान्यात या वेळी दोन शब्द नाही, बारा ओळी आहेत. कुठल्या कोडमध्ये हा बग येतो, कसा टाळायचा, आणि हे व्हर्जन कुठल्या तारखेला बंद करावं असं मला वाटतं. सोबत एक मेलचा मसुदा, थेट गिऱ्हाइकाच्या त्या इंजिनियरसाठी. उरलेल्या १३ पैकी अकरांपुढे निःशंकपणे 'नाही'. दोन बिनधोक होते, ते घेतले.

सोमवारी मॅनेजरने विचारलं, "एवढा निबंध का लिहिलायस?" काय सांगणार! म्हटलं, सवय आहे, वीकांताला लिहितो मी :)

परतीच्या प्रवासात पुलावरून जायचं नव्हतं. महाडहून पुण्याला येताना तो लागत नाही. पण पोलादपूरहून महाडला येताना, रविवारी संध्याकाळी, लागला होता. पाणी चांगलंच चढलं होतं, गढूळ, वेगाने चाललेलं. नव्या पुलावरून गाड्या एकामागून एक जात होत्या, कुणीच थांबत नव्हतं. आई शेजारी बसली होती. नेहमीप्रमाणे गप्प. पूल संपला, आणि ती म्हणाली, "बाकरवडी काकांना दिलीस ना रे सगळी? थोडी ठेवायची होती."

असो. पुन्हा भेटू पुढच्या वीकांताला.